‘ओतकाम’च्या नोंदी : एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५

२२ एप्रिल २०२४, सोमवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरलं. मागच्या वर्षी आमच्या मेटल बँडची दोन गाणी हातची गेली. कुणी कोणत्या ट्यूनिंगला काय वाजवलं होतं, हे महिन्याभरानं चौघांपैकी एकालाही आठवेना.

जागा कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं काकांचं शेड. सोमवारी आमचे लेथ बंद असतात, म्हणून तालीम सोमवारी. बासचा खालचा सूर लागला की पत्र्याचं छत थरथरतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून बघितले, त्यानं नुसता वरचा चिवचिवाट कमी होतो, खालचा घुमारा तसाच राहतो. आईनं सहा जुन्या वाकळा दिल्या. त्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगल्या, तेव्हा कुठं ड्रम ऐकण्यासारखे झाले. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की गिटारमध्ये गुणगुण येते, त्यासाठी वेगळं अर्थिंग घ्यायचं आहे.

चार गाणी करायची आहेत. पहिलं ‘ओतकाम’. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, आणला बासवाल्यानं, आणि तो गिटारवर नव्हे, फोनवर आणला. तो गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत रात्रपाळी करतो. तिथलं नॉकआउट, म्हणजे गार झालेलं कास्टिंग वाळूच्या साच्यातून हादरवून मोकळं करायचं यंत्र, त्याचा चाळीस सेकंदांचा आवाज त्यानं धरला होता. आठ मात्रा, तीन-तीन-दोन अशा पडतात. तेच मी गिटारवर उतरवलं. ड्रॉप सी ट्यूनिंग, ११-५६ च्या तारा. जाड तार सी वर आणली की ती ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते, नेहमीच्या ई ला ८२ वर असते. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकवून स्वर दाबला की साच्यातली वाळू गळून पडल्यासारखं वाटतं.

रात्री बाबांना ऐकवलं. बाबांच्या करंगळीचं पेर पॉवर प्रेसमध्ये गेलंय, मी तेव्हा बालवाडीत होतो. त्यांना ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा हा पोरगा सतरा वर्षांचा असताना, १९६५ मध्ये, पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वर चामडं चिकटवलं. बोटांना ताण सोसेना म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढं १९७१ च्या ब्लॅक सॅबथच्या तिसऱ्या अल्बमवर ट्यूनिंग तीन अर्धस्वर खाली आणलं. आज आम्ही जो जड आवाज काढतो त्याचं मूळ त्या जखमेत आहे. बाबांनी एवढंच विचारलं, “चामडं कशाचं लावलं?” जुन्या जॅकेटचं, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि रिफ परत लावायला सांगितला.

२९ एप्रिल

शब्दांवर बसलो. ग्राउलमध्ये, म्हणजे घशातून गुरगुरत गाताना, ऱ्हस्व स्वर गिळले जातात. ‘वितळ’ म्हटलं की ‘वळ’ ऐकू येतं. ‘आ’ आणि ‘ओ’ टिकतात. ठ, ढ, ध यांच्यातला हकार श्वासाला धक्का देतो, तो ग्राउलला फार मानवतो. ‘ळ’ मात्र गायकाला ओळीच्या शेवटी नको, जीभ मागं वळते आणि घसा आवळतो म्हणाला.

धृपद बासवाल्याच्या कामातून आलं. साच्यात लोखंड ओतताना धार मध्येच तुटली तर आधी गेलेलं लोखंड कातडी धरतं, मागून आलेलं त्याच्याशी एकजीव होत नाही आणि आत सांधा राहतो. फाउंड्रीत त्याला कोल्ड शट म्हणतात. असा माल भंगारात जातो.

धार तोडू नको
हात थरथरला तरी
धार तोडू नको

सध्या एवढंच. पुरे आहे.

१३ मे, सोमवार

पहिला डेमो वाईट झाला. मधे दीड मिनिट हलगी हवी असं सगळ्यांचंच मत होतं, म्हणून गाणं पूर्ण करून इंटरनेटवरून घेतलेला हलगीचा तुकडा मिनिटाला १०४ ठोक्यांच्या टेम्पोवर ताणून बसवला. ऐकताना लग्नाच्या वरातीशेजारून बँडची गाडी गेल्यासारखं वाटलं. दोन्ही आवाज आपापल्या वाटेनं चाललेले.

ड्रमर म्हणाला, दिल्लीचा ब्लडीवुड बँड ढोल घेऊन २०१९ ला जर्मनीत वाकन महोत्सवात वाजवून आला, आपल्याला का जमू नये? उत्तर त्याच्या प्रश्नातच आहे. त्यांचा ढोलवाला स्टेजवर उभा असतो, तो बँडमधला माणूस आहे. आमच्याकडं होती ती फाइल.

बासवाल्यानं चिखलीच्या एका मामांचं नाव काढलं. चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवतात. पुढच्या सोमवारी बोलावलं.

२० मे, सोमवार

आजची नोंद मोठी होणार.

मामा सकाळी नऊलाच आले, सोबत घुमकं, म्हणजे हलगीच्या साथीचं वाद्य, वाजवणारा नातू. आल्या आल्या त्यांनी दाराबाहेर पालापाचोळा गोळा करून पेटवला आणि हलगी शेकत बसले. चामडं तापलं की ताणतं, मधून मधून बोटानं टिचकी मारून बघायचे. जाड टिपरू आणि बारीक लवचिक काडी अशा दोन काड्या. मी हेडफोन दिला, क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, लावली, १०४.

चार वेळा प्रयत्न केला. दरवेळी वीस-पंचवीस सेकंदांत मामा क्लिकच्या पुढं जायचे. पाचव्या वेळी त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“ह्यात कोण झुंजतंय?”

मला कळलं नाही.

“अरं, हलगी कुणाकडं तरी बघून वाजवत्यात. पैलवान खडाखडी करायलाय तवर मी खाली ऱ्हातो. पट काढला की चढतो. उचलला की मग बघायचंच न्हाई. तुझ्या ह्या टिकटिकीत कुस्ती कुठाय?”

आमचा गायक बारावीपर्यंत कुस्तीच्या तालमीत होता. त्यानं काही न बोलता शर्ट काढला, शेडच्या कोपऱ्यातली पोती जमिनीवर अंथरली आणि ड्रमरला हाताला धरून ओढलं. ड्रमर सडपातळ, पण नाही म्हणाला नाही. दोघांनी सलामी दिली. मामा पुढं सरकले.

पुढची तीन मिनिटं शब्दांत कशी मांडायची मला माहीत नाही. मामांची नजर त्या दोघांच्या पायांवर होती, हातावर एकदाही गेली नाही. ते दोघं खडाखडी करत होते तोवर हलगी नुसती चालत होती, मधे मोकळी जागा सोडत. गायकानं कमरेला हात घातला आणि काडी दाट झाली. ड्रमर निसटला, हलगी परत खाली आली, पण जिथून चढली होती तिथवर नाही, थोडी वरच राहिली. मग गायकानं त्याला उचलला आणि पत्र्याचं छत, वाकळा, लेथवरचे पाने, सगळंच वाजायला लागलं. अँप चालू नव्हता. एकही तार वाजत नव्हती. आजवर या शेडमध्ये निघालेला सगळ्यांत जड आवाज तोच.

फोनवरचं रेकॉर्डिंग नंतर मोजलं. सुरुवात ९६, शेवट १३१. चढताना कुठंही पायरी नाही.

जाताना मामा म्हणाले, “ते तुझं यंत्राचं वाजीवलेलं बी चांगलंय. पर यंत्र काय बघत न्हाई.”

३ जून, सोमवार

गाण्याची रचना मोडून नव्याने बांधली. कडवी यंत्राची : १०४, क्लिकवर, नॉकआउटचा रिफ, एक केसही इकडंतिकडं नाही. धृपदानंतर क्लिक बंद. तिथून हलगी, आणि आम्ही तिघं तिच्या मागं. ती चढेल तसं चढायचं, ती थांबेल तिथं थांबायचं. शेवटचं कडवं मामा जिथं सोडतील त्या गतीनं.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची रीत अशी : आधी हलगी एकटी रेकॉर्ड करायची, मग तिच्या प्रत्येक समेवर टेम्पोची खूण ठोकून नकाशा करायचा. क्लिक मामांच्या मागून चालेल. ड्रम आणि गिटार त्या नकाशावर नंतर.

ड्रमरचा आक्षेप बरोबर होता. नकाशावर वाजवणं म्हणजे झालेल्या कुस्तीची कॉमेंट्री, स्टेजवर ते चालणार नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी ड्रम आणि हलगी एकत्रच घेऊन बघायचं. ब्लॅक सॅबथनं पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनमध्ये एका दिवसात, स्टेजवर वाजवतात तसा एकत्र वाजवून संपवला होता. आमच्याकडं माइक कमी आहेत, पण सोमवार भरपूर आहेत.

२४ जून

पाऊस. चामडं ढिलं पडतंय. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज प्रत्येक माइकमध्ये. नातवानं लोखंडी कड्याची, नट आवळायची प्लॅस्टिकच्या पानाची हलगी आणून दाखवली. ती ढिली पडत नाही, मिरवणुकीत आता जास्त तीच दिसते. पण तिचा आवाज वरच्या पट्टीत टणटण करतो आणि लगेच मरतो. चामड्याला ३०० हर्ट्झच्या आसपास एक पोट आहे, ते हिला नाही. चामड्यासाठी थांबायचं ठरलं. एवढ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याचे गिटार भाग पुरे करतो.

२६ जुलै

पंचगंगेनं काल राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. चिखलीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडलीत. मामांचा फोन लागत नव्हता, दुपारी नातवाचा आला. सगळे सुखरूप. म्हशी वर नेल्यात. हलग्या माळ्यावर टांगून आलेत, २०१९ ला जिथवर पाणी आलं होतं त्याच्यावर हातभर.

तालीम नाही. बासवाला आणि मी गाडीभर वैरण पोचवून आलो.

९ ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. कळलं तेव्हा आम्ही चौघंही धावत गेलो. गर्दीत कुणी बोलत नव्हतं, बरीच माणसं नुसती उभी राहून रडत होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर. ज्यांचं नाव पुढं त्याला दिलं त्या केशवरावांची आज जयंती. पाठीला पाठ लावून असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाच्या व्यासपीठालाही आगीनं सोडलं नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा गिटार स्टेजवर वाजवली ती तिथं, शाळेच्या स्नेहसंमेलनात. त्या लाकडी रंगमंचाखालच्या पोकळीमुळं पाय आपटला तरी खालून उत्तर यायचं. मामांना फोन केला. ते खासबागेत वाजवायचे तेव्हा हलगीचा आवाज त्या भिंतीवरून परत यायचा, म्हणाले, त्या परत आलेल्या आवाजावर ते पुढचा ठोका टाकायचे. मग बराच वेळ गप्प होते.

आज काही वाजवलं नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

पाऊस उघडला, चार दिवस ऊन होतं, म्हणून घाईनं आजच हलगी आणि ड्रम घेतले. गणपतीत मामा सापडणार नाहीत.

मांडणी : हलगीसमोर एसएम ५७ माइक दीड वीत अंतरावर, थोडा तिरका, म्हणजे टिपरूचा फटका थेट माइकच्या तोंडात जात नाही. घुमक्याला बास ड्रमचा माइक. ड्रमला चार माइक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बफर १२८, म्हणजे संगणकात एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत. हलगी आणि ड्रम यांच्यामध्ये उरलेल्या वाकळांचा पडदा, पण डोळ्यांच्या उंचीला मोकळा ठेवला, कारण ड्रमरला मामांचा खांदा दिसला पाहिजे.

मामांनी परत विचारलं, बघू कुणाकडं? ड्रमर तर ड्रमवर अडकलेला. शेवटी गायक आणि बासवाला पोत्यांवर उतरले. सहा टेक झाले. तिसऱ्या टेकमध्ये मधली आठ सेकंदं ड्रमर चुकला होता, बाकी सगळं सोनं. मी तेवढा तुकडा पाचव्यातून घेऊन चिकटवला. कानाला सांधा कळत नव्हता, तरी बासवाल्यानं ऐकताक्षणी बोट ठेवलं : “कोल्ड शट.” परत ऐकलं, त्याचं खरं होतं. चिकटवलेल्या जागी टेम्पो जुळत होता, पण चढण तुटत होती. मामा तिथं दुसऱ्याच कुस्तीकडं बघत होते.

सहावा टेक जसाच्या तसा ठेवला. त्यात ड्रमचा एक फटका हुकलाय आणि पायांचा धप धप आवाज सगळ्या माइकमध्ये आलाय. दोन्ही राहणार. ९८ वरून १३४.

१८ सप्टेंबर

कालची विसर्जन मिरवणूक महाद्वार रोडला रात्रभर ऐकली. डॉल्बीच्या भिंतीसमोरून ड्रमर आणि मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा इअरप्लग घालून. तरी आज ड्रमरच्या डाव्या कानात शिट्टी वाजतेय. यापुढं शेडमध्येही इअरप्लगशिवाय कुणी बसणार नाही. ८५ डेसिबल आठ तास सोसतं, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. आमची तालीम तीन तासांची असते.

७ ऑक्टोबर, सोमवार

आवाज. गायकानं दोन दिवस दूध आणि तेलकट बंद ठेवलं होतं. त्याचा ग्राउल फॉल्स कॉर्डचा, खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्या हलवून काढलेला. बरोबर लागला तर घसा दुखत नाही. दुखायला लागला म्हणजे काहीतरी चुकतंय, तिथं थांबायचं. दिवसाला दीड तासाच्या वर नाही.

धृपद आधी ग्राउलमध्ये घेतलं. सगळं ठीक होतं, पण ‘हात थरथरला तरी’ ही ओळ धमकीसारखी वाटायची. गायकानं ती साध्या आवाजात म्हणून पाहिली, जवळजवळ बोलून. शेडमध्ये शांतता पसरली. तीच ठेवली. बाबांना नंतर ऐकवलं तेव्हा त्या ओळीला त्यांनी करंगळी मुठीत घेतली.

२२ ऑक्टोबर

पॉल डिॲनो काल गेले. आयर्न मेडन या बँडचे १९८० आणि १९८१ चे पहिले दोन अल्बम त्यांच्या आवाजातले. शेवटची काही वर्षं व्हीलचेअरवर बसून देशोदेशी गात फिरले. शेडमध्ये ते दोन्ही अल्बम सलग लावले, बाकी काही केलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

मिक्सचा तिसरा आठवडा. आधी गिटारचे चार थर होते, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. भिंत उभी राहायची पण हलगी तिच्यामागं. टिपरूचा फटका आणि पिकचा खरखरीतपणा, दोघांचीही जागा दोन ते चार किलोहर्ट्झ. गिटारचे दोन थर काढले. उरलेल्यांची ८० हर्ट्झच्या खालची बाजू कापून बास आणि किकला दिली. हलगीच्या भागात स्नेअर पूर्ण बंद, कारण तिथं हलगीच स्नेअर आहे. एकेक गोष्ट काढत गेलो तसतसं गाणं जड होत गेलं.

बासवरून माझं आणि बासवाल्याचं वाजलं. मी बास खाली दाबत होतो, गिटार स्वच्छ यावी म्हणून. त्यानं मेटॅलिका बँडचा १९८८ चा अल्बम लावला, ज्यात बास जवळपास ऐकूच येत नाही, आणि म्हणाला, “एवढी चांगली गाणी, आणि माणूस गायब. तुला हेच करायचंय?” मी बास चार डेसिबल वर आणला. तो बरोबर होता, इथं लिहून ठेवतो.

मास्टरिंग, म्हणजे शेवटी सगळ्या गाण्याचा आवाज ठरवणं, हळू ठेवायचं. २००८ च्या मेटॅलिका अल्बमचा आवाज इतका दाबून मोठा केला होता की लोकांनी फाटतोय म्हणून तक्रारी केल्या. आमच्या गाण्यात ९८ ची शांत हलगी आणि १३४ ची चढलेली हलगी एकाच उंचीवर आली तर सगळी कुस्तीच गेली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

श्रेय कसं द्यायचं यावर तीन तास बोललो. ड्रमरचं म्हणणं, मामा दीड मिनिटच वाजवतात, त्यांना वाजवल्याचे पैसे देऊ आणि आभारात नाव घालू. माझं म्हणणं, त्या दीड मिनिटानं बाकीची साडेचार मिनिटं बदलली. गाण्याचा सांगाडा मामांनी २० मेला एका प्रश्नात दिला. सेपुल्टुरा बँडनं १९९६ च्या अल्बमसाठी ब्राझीलच्या झावांते आदिवासींबरोबर त्यांच्या गावात जाऊन रेकॉर्डिंग केलं, ते मला नेहमी मोठं वाटलं, कारण आवाज आणायला ते स्वतः गेले होते. आम्ही तर पहिल्यांदा फाइल उतरवून घेतली होती.

मला आणखी एक गोष्ट सलते. मैदानाच्या पोस्टरवर पैलवान छापतात, पाहुणे छापतात, बक्षिसं देणारे छापतात. हलगीवाल्याचं नाव मी कधी पाहिलेलं नाही. ज्या समाजांनी ही हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांना वाजवायला बोलावलं, जेवायला वेगळं बसवलं. मामा हे बोलत नाहीत. नातू बोलतो.

ठरलं : ‘ओतकाम’चं संगीत पाच जणांचं, पाच समान वाटे. चौघांनीही मान्य केलं, ड्रमरनं सगळ्यांत शेवटी, पण मनापासून. आयपीआरएस, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिच्या नोंदणीसाठी मामांचं पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक लागणार. पासबुकावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते आधी दुरुस्त करून घ्यायचं.

मामांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “नाव लग्नाच्या पत्रिकेत लिवत्यात तसं पुरं लिवा. बापाचं बी.”

१३ डिसेंबर, पुणे

पहाटे साडेपाचला ट्रॅक्स निघाली. ड्रमसेट तिथला, आपले फक्त स्नेअर, झांजा आणि पेडल. गिटार मल्टिइफेक्टमधून थेट मिक्सरला, अँप नेलाच नाही. कागल ते सातारा रस्त्याचं काम सुरू आहे, २३० किलोमीटरला सात तास.

जागा तळघरात. हलगी शेकायला विस्तव मागितला तर मॅनेजरनं हात जोडले, आगीची परवानगी नाही. बरोबरच आहे त्यांचं. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याला मामांनी विचारलं. तो साताऱ्याकडचा निघाला. त्यानं पातेलं उतरवून स्टोव्ह मोकळा करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मामा गल्लीत उकिडवे बसून हलगी शेकतायत आणि काळे टीशर्ट घातलेली पोरं भोवती जमून बघतायत, हे दृश्य मला कायम आठवेल.

साउंड चेकला पंधरा मिनिटं मिळाली. हलगीचा माइक मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, घेतला की शिट्टी, म्हणून मामांच्या मॉनिटरमध्ये फक्त किक ठेवला.

साधारण सत्तर लोक. ‘ओतकाम’ चौथं. धृपद संपलं, क्लिक बंद झाली आणि हलगी सुरू झाली. मला एकच धास्ती होती, मामा बघणार कुणाकडं. तेवढ्यात समोर पोरांनी जागा मोकळी केली आणि एकमेकांना खांद्यानं धक्के द्यायला लागली. मामा दोन पावलं पुढं आले, अगदी स्टेजच्या कडेला. त्यांची नजर खाली, पायांवर. एक पोरगा पडला आणि हलगी खाली आली. दोघांनी त्याला उचलून उभं केलं तशी परत चढली. समोरच्या कितीजणांना हे कळलं माहीत नाही, पण चढणीवर सगळं तळघर एकत्र हलत होतं. ड्रमर मामांच्या खांद्याकडं बघत होता आणि हसत होता. दीड मिनिटाचा भाग चार मिनिटं चालला.

गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, “पोरं चांगली हायती. पडलेल्याला तुडवत न्हाईत.”

२१ डिसेंबर, बेंगळुरू

सहाशे किलोमीटर. हवा कोरडी आणि गार. इथं उलटच अडचण, चामडं न शेकताच इतकं ताणलं की आवाज वर गेला. मामांनी ओला हात फिरवून उतरवलं.

हे मेटलचं शहर. २००७ ला आयर्न मेडन आणि २०११ ला मेटॅलिका इथंच पॅलेस ग्राउंडवर वाजले. ऐकणारे जाणकार, हाताची घडी घालून, डोळे मिटून, प्रत्येक ठोका मोजत. कुणी हललं नाही. मामांनी एक मिनिट वाट पाहिली, हलगी ९८ च्या आसपास ठेवली आणि पन्नास सेकंदांत सोडून दिली. आम्ही शेवटचं कडवं त्याच संथ गतीनं घेतलं. मला ते आवडलं. गायकाला नाही. नंतर दोघं-तिघं येऊन मामांशी हिंदीत बराच वेळ बोलले, काड्या हातात घेऊन बघितल्या.

३० डिसेंबर, सोमवार

हिशेब. दोन कार्यक्रमांचं मानधन आणि तिकिटातला वाटा मिळून २१,५००. टीशर्ट ३४ गेले, त्याचे ११,९००. खर्च गाडी, डिझेल, टोल, राहणं, जेवण मिळून ३६,२००. तूट २,८००, चौघांत वाटली. मामा आणि नातवाचे पैसे कार्यक्रमाच्या रात्रीच रोख दिले होते, ते खर्चात आलेत.

ड्रमरची कानाची तपासणी झाली. ऐकू येण्यात घट नाही. शिट्टी कमी आहे.

२० जानेवारी २०२५, सोमवार

तारांचे दोन संच मागवले. छताचे तीन पत्रे नव्या बोल्टनं आवळले. पासबुकावरचं नाव दुरुस्त झालं, फॉर्म भरला.

साडेनऊला मामा न बोलावता आले. नातू हलगी शेकत होता, या वेळी घुमकं मामांच्या हातात. म्हणाले, पोराचा हात बसलाय, आता त्याचं घ्या. बासवाला रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. तरी तोच आधी पोत्यांवर उतरला, गायक त्याच्या समोर.

माइक लावले. नातवानं मामांकडं पाहिलं. मामांनी बोट त्या दोघांच्या पायांकडं केलं.